शेजाऱ्याची वीज

आगपेटी घरोघरी सुलभ होण्यापूर्वी आपल्या खेड्यापाड्यांतून एक रीत होती. रात्री राखेखाली झाकून ठेवलेला विस्तव पहाटे विझलेला आढळला, की घरातील गृहिणी गोवरीचा तुकडा घेऊन शेजारच्या दारी जाई आणि तेथील चुलीतला निखारा मागून आणी. देणाऱ्या घराची चूल त्यामुळे मंद होत नसे आणि मागणाऱ्या घरास त्यात कमीपणा वाटत नसे. कारण आज जी गृहिणी दाता, तीच उद्या याचक होण्याचा संभव असे. जळणाच्या बाबतीत कोणतेही घर सर्वकाळ स्वयंपूर्ण नसते, हे सत्य त्या काळच्या माणसांना कोणी शिकवावे लागले नव्हते.

घरांची जी गोष्ट, तीच राष्ट्रांची. एखाद्या देशाला लागणारी ऊर्जा त्याला हवी तेव्हा, हवी तितकी, परवडेल अशा मोलाने आणि खंड न पडता मिळत राहणे, यालाच ऊर्जासुरक्षा म्हणतात. ती ऊर्जा अशा रीतीने मिळवावी, की नद्या, अरण्ये, हवा आणि पुढील पिढ्या यांच्या वाट्याचे काही हिरावले जाऊ नये, हे तिचे दुसरे अंग. या दोन्ही गोष्टी एकट्याच्या बळावर साधणे बहुतेक देशांना कठीण जाते. म्हणून आज शेजारी राष्ट्रे एकमेकांशी विजेच्या तारांनी जोडली जात आहेत. हिमालयाच्या कुशीतील नेपाळ व भूतान, त्याच्या पायथ्याशी पसरलेला भारत आणि नद्यांच्या मुखाशी वसलेला बांगलादेश या चार देशांत हे कसे घडत आहे, याचा थोडा विस्ताराने परिचय करून देण्याचा आमचा विचार आहे.

प्रथम एका लहानशा आकड्याकडे पाहू. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी काठमांडू येथे नेपाळ, बांगलादेश आणि भारत या तीन देशांच्या वीजसंस्थांनी एका करारावर सह्या केल्या. नेपाळने आपली ४० मेगावॅट वीज भारताच्या तारांवरून बांगलादेशाला विकावी, असा तो करार. त्याच वर्षी १५ नोव्हेंबरला ही वीज प्रथम एक दिवसापुरती पाठवण्यात आली आणि १५ जून २०२५ पासून नियमित विक्रीस आरंभ झाला. कराराची मुदत पाच वर्षांची असून दरवर्षी १५ जून ते १५ नोव्हेंबर या पाच महिन्यांतच वीज द्यावयाची आहे. दर युनिटास ६.४ अमेरिकन सेंट असा ठरला.

चाळीस मेगावॅट म्हणजे किती? एक मेगावॅट म्हणजे हजार किलोवॅट. तेव्हा चाळीस मेगावॅटचा प्रवाह एक तास अखंड वाहिला, तर चाळीस हजार युनिटे होतात; दिवसरात्र वाहिला, तर नऊ लक्ष साठ हजार. ऐकावयास हे मोठे वाटते खरे. परंतु सतरा कोटी वस्तीच्या बांगलादेशाला ते दर्यात खसखस म्हणावे इतकेच आहे. तरीही या घटनेची नोंद अगत्याने झाली. कारण दक्षिण आशियात एका देशाची वीज दुसऱ्या देशाची भूमी ओलांडून तिसऱ्या देशात विकली जाण्याचा हा पहिलाच प्रसंग होता. नकाशा उघडून पाहा. सिलिगुडीजवळ नेपाळ आणि बांगलादेश यांच्यामध्ये भारताची जी चिंचोळी पट्टी आहे, ती अवघी वीसबावीस किलोमीटर रुंद आहे. एवढेसे अंतर ओलांडावयास इतकी वर्षे का लागली, हा प्रश्न विचार करण्याजोगा आहे. त्याचे उत्तर देण्यापूर्वी मुळात ही देवघेव करावीशी का वाटते, ते पाहिले पाहिजे.

धान्य कणगीत साठवता येते, तेल पिंपात भरून ठेवता येते. वीज मात्र मोठ्या प्रमाणावर साठवणे आजही खर्चाचे व अडचणीचे आहे. ज्या क्षणी ती निर्माण होते, त्याच क्षणी ती कोठेतरी वापरली गेली पाहिजे. नेपाळातील बहुतेक जलविद्युत् केंद्रांना मोठी धरणे नाहीत. वाहत्या नदीचे पाणी बोगद्यातून वळवून ती जनित्रे फिरवतात. पावसाळ्यात नद्या दुथडी भरून वाहतात, तेव्हा जनित्रे पूर्ण वेगाने चालतात आणि देशाला पुरून वीज उरते. गिऱ्हाईक न मिळाल्यास ते पाणी जनित्रावर न जाता तसेच वाहून जाते. उलट हिवाळ्यात बर्फ गोठते, प्रवाह रोडावतात, आणि नेमकी त्याच वेळी थंडीमुळे घरातील विजेची गरज वाढते. नेपाळात हंगामी साठा करणारे मोठे जलाशय म्हणावे, तर कुलेखानीचे नाव घ्यावे लागते. तेथील पहिले केंद्र १९८२ साली सुरू झाले आणि त्याची शक्ती अवघी ६० मेगावॅट आहे.

आता बांगलादेशाची स्थिती पाहा. तो देश सपाट, नद्यांचा, परंतु उतार नसलेला. पाणी आहे, पण ते उंचावरून पडत नाही. म्हणून जलविद्युत् जवळजवळ नाही. कर्णफुली नदीवरील काप्ताई हे त्याचे एकच मोठे जलविद्युत् केंद्र. त्याचा मुख्य आधार भूमिगत वायूचा. तो साठा आटत चालल्यामुळे २०१८ पासून द्रवरूप वायू जहाजांनी परदेशांतून आणावा लागतो. त्या देशात विजेची मागणी वाढते ती उन्हाळ्यात आणि पावसाळ्यातील उमसलेल्या दिवसांत, म्हणजे नेपाळच्या नद्या भरून वाहू लागतात त्याच सुमारास. एकाच्या ओटीत भरभरून पडते, तेव्हा दुसऱ्याची झोळी रिकामी असते. असा योग जुळून आल्यावर देवघेव न करणे हाच खरा अपव्यय होय.

भारताचे म्हणाल, तर आपल्याकडे कोळसा आहे आणि सूर्यप्रकाशही विपुल आहे. जानेवारी २०२५ मध्ये आपल्या सौर वीजकेंद्रांची एकूण शक्ती शंभर गिगावॅटच्या, म्हणजे एक लक्ष मेगावॅटच्या वर गेली. परंतु सूर्य मावळला, की ही केंद्रे निजतात. आणि दिवे, पंखे व दूरदर्शनसंच सुरू होतात ते त्याच वेळी. पाण्याचे जनित्र मात्र अल्पावधीत चालू किंवा बंद करता येते. दिवसा मैदानातील सूर्य आणि सायंकाळी पर्वतातील पाणी, अशी जोडी जमली, तर तितका कोळसा कमी जाळावा लागेल. शेजाऱ्यांचे सहकार्य आणि निसर्गाचे रक्षण या दोन गोष्टी येथे एकत्र येतात, त्या अशा.

या सहकार्याचा सर्वांत जुना आणि सर्वांत सुरळीत चाललेला धडा भूतानचा आहे. १९७४ साली भारत व भूतान यांच्यात चुखा प्रकल्पाचा करार झाला. वांगछू नदीवरील या ३३६ मेगावॅटच्या केंद्रासाठी भारताने साठ टक्के रक्कम अनुदान म्हणून आणि चाळीस टक्के कर्ज म्हणून दिली. निर्माण होणारी वीज प्रथम भूतानने वापरावी व उरलेली भारताने विकत घ्यावी, असे ठरले. १९८६ ते १९८८ या काळात चुखाची जनित्रे सुरू झाली. पुढे त्याच नदीवर खालच्या बाजूस ताला हे १०२० मेगावॅटचे केंद्र २००६-०७ मध्ये, आणि मांगदेछू नदीवरचे ७२० मेगावॅटचे केंद्र २०१९ मध्ये चालू झाले. वीजविक्री हे त्या लहान देशाच्या उत्पन्नाचे एक प्रमुख साधन झाले. देशाच्या भूमीपैकी किमान साठ टक्के भाग सदैव अरण्याखाली राहिला पाहिजे, असे २००८ सालच्या भूतानच्या संविधानात लिहून ठेवले आहे. जे राष्ट्र जंगल तोडून नव्हे, तर त्याच जंगलातून झिरपणाऱ्या पाण्यावर उपजीविका करते, त्याने जंगलाला असे जपावे यात नवल नाही. मात्र हिवाळ्यात नद्या आटल्या, की हाच भूतान भारताकडून वीज विकत घेतो.

येथे कोणी जिज्ञासू विद्यार्थी विचारील, की नेपाळातील नदीची वीज ढाक्याच्या दिव्यात गेली, हे ओळखावे कसे? तारेतील विजेवर काही देशाचा शिक्का नसतो. शंका अगदी योग्य आहे. पूर्वी टपालाने मनीऑर्डर पाठवत, तेव्हा आपण येथल्या टपालकचेरीत भरलेल्याच नोटा गावी वडिलांच्या हाती पडत नसत. येथे रक्कम जमा होई, तेथे तितकीच दिली जाई. मध्ये प्रवास होई तो हिशेबाचा. विजेचेही तसेच आहे. नेपाळ ढल्केबर येथून बिहारातील मुझफ्फरपूरपर्यंतच्या वाहिनीने भारताच्या जाळ्यात चाळीस मेगावॅट ओततो. त्याच वेळी पश्चिम बंगालमधील बहरामपूर येथून बांगलादेशातील भेडामारा येथे तितकी वीज त्या जाळ्यातून काढली जाते. मापन चोख आणि हिशेब स्वच्छ, एवढ्यावर सारा व्यवहार चालतो.

परंतु दोन देशांची जाळी जोडणे म्हणजे दोन तारांची टोके पिळून बांधणे नव्हे. आपल्याकडील विजेचा प्रवाह सेकंदाला पन्नास आवर्तने करतो. एका जाळ्यावरील यच्चयावत जनित्रांना या ठेक्यात चालावे लागते. शाळेच्या संमेलनात लेझीमपथक पाहा. शंभर मुले एका तालावर पाऊल टाकतात, म्हणून ते पथक. एखादा मुलगा अडखळला, तर इतरांच्या ओघात तो सावरला जातो. पथक जितके मोठे, तितके सावरणे सोपे. पण एकाच वेळी बरीच मुले चुकली, तर सगळाच ताल मोडतो. नेपाळ व भूतान यांची जाळी भारताच्या जाळ्याबरोबर याच एका तालावर चालतात. महाराष्ट्रातील कोयनेचे जनित्र आणि भूतानातील चुखाचे जनित्र परस्परांना कधी पाहणार नाहीत. पण त्यांची पावले मात्र एकत्र पडतात.

बांगलादेशाशी झालेली जोडणी निराळ्या प्रकारची आहे. त्याच्या जाळ्याचीही आवर्तने पन्नासच; परंतु ताल स्वतंत्र. म्हणून भेडामारा येथे एक विशेष केंद्र उभारण्यात आले. तेथे भारतातून आलेला प्रत्यावर्ती प्रवाह आधी एकदिश प्रवाहात बदलला जातो आणि मग बांगलादेशाच्या तालावर पुन्हा प्रत्यावर्ती केला जातो. दोन भाषांच्या माणसांमध्ये दुभाषी बसवावा, तसा हा प्रकार. २०१३ साली ५०० मेगावॅटच्या क्षमतेने ही जोडणी सुरू झाली व २०१८ साली ती क्षमता १००० मेगावॅट करण्यात आली. २०१६ पासून त्रिपुरातूनही कुमिल्ला भागाला वीज जाऊ लागली. तिच्यामागे परस्पर उपकाराची एक सुंदर हकीकत आहे. त्रिपुरातील पालाटाना येथे वायूवर चालणारे वीजकेंद्र उभारावयाचे होते. त्याची अवजड यंत्रे ईशान्येच्या डोंगरी रस्त्यांनी नेणे अतिशय दुर्घट होते. बांगलादेशाने ती आपल्या नद्यांतून आशुगंजपर्यंत आणि तेथून रस्त्याने आपल्या भूमीवरून त्रिपुरात जाऊ दिली. त्या सौजन्याची फेड विजेने झाली.

आमच्या वाचकांपैकी पुष्कळजण महाराष्ट्राच्या सीमेपलीकडे पिढ्यानपिढ्या स्थायिक झालेल्या कुटुंबांतील आहेत. त्यांना ही देवघेव अनोळखी वाटू नये. गोव्यात मोठे वीजकेंद्र नाही. तेथील दिवे बहुतांशी राज्याबाहेरून येणाऱ्या विजेवर लागतात. चंबळेवरील गांधीसागरची वीज मध्यप्रदेश व राजस्थान निम्मी निम्मी वाटून घेतात. नर्मदेवरील सरदार सरोवराच्या विजेपैकी ५७ टक्के मध्यप्रदेशाला, २७ टक्के महाराष्ट्राला आणि १६ टक्के गुजरातला, अशी वाटणी आहे. दक्षिणेकडील राज्यांचे जाळे पुष्कळ काळ उर्वरित भारताहून वेगळ्या तालावर चाले. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर-सोलापूर ही ७६५ किलोव्होल्टची वाहिनी सुरू झाली आणि बेळगाव व हैदराबाद ही नगरे इंदूर, बडोदे, ग्वाल्हेर यांच्या तालावर आली. एकत्र बांधले जाण्यात जोखीम काय असते, तेही आपण पाहिले आहे. ३० जुलै २०१२ रोजी रात्री अतिभार असलेल्या स्थितीत बीना-ग्वाल्हेर वाहिनी बंद पडली आणि उत्तर भारत अंधारात गेला. दुसऱ्या दिवशी तर उत्तर, पूर्व व ईशान्य अशी तीन जाळी कोसळून सुमारे साठ कोटी लोकवस्तीच्या प्रदेशाची वीज गेली. एका देशातील राज्यांना जे सांभाळणे अवघड, ते स्वतंत्र राष्ट्रांना अधिकच अवघड, हे उघड आहे.

आता मघाच्या प्रश्नाकडे वळू. वीसबावीस किलोमीटर ओलांडावयास एवढा काळ का लागला? तारा नव्हत्या म्हणून नव्हे, तर विश्वास नव्हता म्हणून. भारत आणि नेपाळ यांनी १९५४ साली कोसीचा व १९५९ साली गंडकीचा करार केला. या करारांत नद्या आमच्या व लाभ मात्र खालच्या देशाचा, अशी भावना नेपाळात रुजली, आणि पुढील प्रत्येक कराराकडे तो देश साशंकतेने पाहू लागला. १९९६ साली महाकाली नदीचा करार झाला. त्यात कल्पिलेले पंचेश्वरचे प्रचंड धरण कागदावरून खाली उतरावयास तीन दशकेही पुरली नाहीत. दरम्यान सहा हजार नद्यांचा देश म्हणून मिरवणाऱ्या नेपाळात हिवाळ्याच्या दिवसांत सोळा सोळा तास वीज नसे. मुले मेणबत्तीच्या उजेडात परीक्षेचा अभ्यास करीत, आणि डोंगरावरून पाणी मात्र फुकट वाहत असे.

२०१५ साली एप्रिलमध्ये भूकंपाने हादरलेल्या नेपाळवर त्याच वर्षी सप्टेंबरपासून दुसरे संकट आले. नव्या संविधानावरून तराईत आंदोलन उसळले आणि भारताच्या सीमेवरून येणारे पेट्रोल, डिझेल व स्वयंपाकाचा वायू कित्येक महिने अडून राहिला. ही भारताने केलेली नाकेबंदी असल्याचे नेपाळात म्हटले गेले. आंदोलनामुळे वाहने अडली, नाकेबंदी नव्हे, असे भारताने सांगितले. तो वाद येथे उकरण्याचे कारण नाही. मात्र ज्या घरातील चूल त्या थंडीत लाकडांवर पेटवावी लागली, त्या घरास एकाच दारावर अवलंबून राहण्याचा अर्थ पुरता कळला.

त्यानंतर जे घडले, ते विशेष लक्षात घेण्याजोगे आहे. नेपाळने शेजाऱ्याशी संबंध तोडले नाहीत. उलट ते अधिक पक्क्या पायावर आणले. २०१६ साली ढल्केबर-मुझफ्फरपूर वाहिनी सुरू झाली आणि भारतातून येणाऱ्या विजेमुळे नेपाळचे भारनियमन हटावयास मोठे साहाय्य झाले. सप्टेंबर २०१९ मध्ये मोतीहारीपासून अमलेखगंजपर्यंतची ६९ किलोमीटर लांबीची तेलवाहिनी सुरू झाली. दुसरीकडे नेपाळने स्वतःची वीजकेंद्रे नेटाने पुरी केली. २०२१ साली चालू झालेले अप्पर तामाकोशी हे ४५६ मेगावॅटचे केंद्र त्याने देशातल्याच पैशावर उभारले. त्याच वर्षी नोव्हेंबरात नेपाळने भारताच्या वीजबाजारात ३९ मेगावॅट वीज प्रथम विकली. काल घेणारा होता, तो आज देणारा झाला. जानेवारी २०२४ मध्ये दहा वर्षांत दहा हजार मेगावॅट वीज भारताने नेपाळकडून घेण्याचा दीर्घ मुदतीचा करार झाला. स्वतःचे सामर्थ्य आणि शेजाऱ्याचे साहाय्य या परस्परविरोधी गोष्टी नसून एकमेकींस पोषक असतात, असा याचा अर्थ आम्ही करतो.

अर्थात सारे काही निर्वेध झाले, असे नव्हे. ज्या नेपाळी केंद्रांत चीनचे भांडवल किंवा कंत्राटदार असतील, त्यांची वीज भारत घेत नाही. तेव्हा राजकारण तारेतही शिरतेच. आणि बांगलादेशाचा अनुभव तर दोन्ही बाजूंनी बोध घेण्यासारखा आहे. १ नोव्हेंबर २०१४ रोजी भेडामाराची जोडणी अचानक तुटली. त्या वेळी तिच्यावरून येणारी वीज बांगलादेशाच्या एकूण विजेच्या मानाने थोडी नव्हती. ती जाताच इतर जनित्रांवर भार पडला, ठेका मोडला, आणि पाहता पाहता सारा देश अंधारात बुडाला. पुढे झारखंडातील गोड्डा येथे खास बांगलादेशासाठी १६०० मेगावॅटचे कोळशावरील खासगी केंद्र २०२३ साली सुरू झाले. २०२४ च्या अखेरीस बिलांच्या थकबाकीवरून त्या केंद्राने पुरवठा निम्म्याच्या आसपास घटवला. शेजाऱ्याकडून घ्यावे, पण एकाच शेजाऱ्याकडून, एकाच तारेने आणि एकाच करारावर सर्वस्व टांगू नये. आणि देणाऱ्यानेही वेळेवर मोल मिळण्याची व अडचणीत सवड देण्याची रीत आधीच लिहून ठेवावी, हाच त्यातील धडा. या पार्श्वभूमीवर ते चाळीस मेगावॅट पाहावे. ऑगस्ट २०२४ मध्ये बांगलादेशात सत्तांतर झाले. तरी दोन महिन्यांच्या आत तो त्रिराष्ट्रीय करार झालाच. सरकारे बदलली तरी टिकतो, तोच करार खरा.

नद्यांची वीज निर्मळ म्हणतात. धूर नाही, राख नाही, हे खरे. परंतु तिचेही मोल कोणाला तरी द्यावे लागते. मघाशी काप्ताईचा उल्लेख केला. १९६२ च्या सुमारास ते धरण पूर्ण झाले, तेव्हा चितगावच्या डोंगरी मुलखातील सुमारे एक लक्ष लोकांची घरे-शेते पाण्याखाली गेली. त्यांत चकमा लोक बहुसंख्य होते. त्यांतील हजारो कुटुंबे सीमा ओलांडून भारतात आली आणि त्यांच्या नातवंडांनाही नागरिकत्वाच्या प्रश्नाशी झगडावे लागले. ज्यांची भूमी बुडाली, त्यांच्या घरी दिवे लागले का, हा प्रश्न प्रत्येक धरणाच्या वेळी विचारला गेला पाहिजे.

शिवाय हिमालय हा वयाने तरुण पर्वत आहे. तो अजून स्थिरावलेला नाही. भूतानातील पुनात्सांगछू क्रमांक एक या १२०० मेगावॅटच्या प्रकल्पाचे काम २००८ साली सुरू झाले. २०१३ साली धरणाच्या जागेजवळचा डोंगर खचला आणि काम वर्षानुवर्षे रखडले. पृथ्वीचे तापमान वाढत असल्याने हिमनद्या मागे हटत आहेत आणि त्यांच्या मुखाशी नवी सरोवरे साचत आहेत. ४ ऑक्टोबर २०२३ च्या पहाटे सिक्कीममधील दक्षिण ल्होनाक सरोवर फुटले. त्याच्या लोंढ्याने चुंगथांग येथील तीस्ता क्रमांक तीन या १२०० मेगावॅटच्या प्रकल्पाचे धरण वाहून नेले आणि अनेकांचे प्राण घेतले. तीस्ता पुढे बांगलादेशात जाते, हे विसरू नये. ८ जुलै २०२५ रोजी नेपाळ-तिबेट सीमेवर भोटेकोशीला अवचित पूर आला. पाऊस विशेष नव्हता. तिबेटच्या बाजूस हिमनदीवरील एक सरोवर रिते झाल्याचे मागाहून कळले. सीमेवरचा मैत्रीपूल वाहून गेला आणि रसुवा भागातील वीजकेंद्रे बंद पडली. बांगलादेशाला वीज सुरू होऊन तेव्हा महिनाही लोटला नव्हता.

नदीला पारपत्र लागत नाही. वरच्या देशातील सरोवराची पातळी वाढल्याची वार्ता खालच्या देशाला वेळेवर मिळाली, तर माणसे वाचतात. न मिळाली, तर केवळ प्रेते मोजणे उरते. म्हणून आमच्या मते शेजाऱ्यांनी एकमेकांना द्यावयाची पहिली वस्तू वीज नव्हे, तर माहिती होय. या कामासाठी १९८३ सालापासून काठमांडूस एक संस्था आहे. भारत, नेपाळ, भूतान, बांगलादेश, पाकिस्तान, चीन, म्यानमार व अफगाणिस्तान हे आठ देश तिचे सदस्य आहेत; हिमनद्या, बर्फ आणि नद्या यांचा अभ्यास ती करते. ज्या देशांच्या सैन्यांची तोंडे परस्परांकडे आहेत, त्यांचे शास्त्रज्ञ तेथे एकाच हिमनदीची मापे तपासतात, ही गोष्ट लहान नव्हे.

दक्षिण आशियातील आठ राष्ट्रांच्या सार्क संघटनेनेही नोव्हेंबर २०१४ मध्ये काठमांडूच्या परिषदेत विजेच्या सहकार्याचा एक करार केला होता. परंतु तिची पुढील शिखर परिषद २०१६ साली इस्लामाबादेत व्हावयाची होती, ती झालीच नाही. सर्वांनी मिळून चालावे हा मार्ग अडल्यावर दोघातिघांनी मिळून चालणे सुरू केले, आणि जे काही घडले, ते यातूनच घडले. युरोपचा इतिहास वाचणाऱ्यांना हे नवे वाटणार नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या जखमा ओल्या असतानाच १९५१ साली फ्रान्स, पश्चिम जर्मनी, इटली, बेल्जियम, नेदरलँड्स व लक्झेंबर्ग या सहा देशांनी आपला कोळसा व पोलाद एका सामायिक व्यवस्थेखाली आणले. ज्या कोळशावर आणि पोलादावर तोफा ओतल्या जात, त्याच वस्तूंनी पुढच्या युरोपीय ऐक्याचा पाया घातला. त्यांच्यात आधी प्रेम जमले आणि मग व्यवहार झाला, असे नव्हे; रोजच्या चोख व्यवहारातून हळूहळू विश्वास उपजला.

विद्यार्थिमित्रांनो, तुम्हांपैकी कोणी उद्या अभियंता होईल, कोणी भूगर्भशास्त्रज्ञ, कोणी परराष्ट्रखात्यात करारांचे मसुदे लिहील, तर कोणी गणिती वृत्तीने विजेचा हिशेब ठेवील. या कामात चौघांचीही गरज आहे. तारा ताणणारा हवा, डोंगर ओळखणारा हवा, शब्द जपून वापरणारा हवा, आणि पै-पैचा हिशेब चोख ठेवणाराही हवा. ज्याच्या गावाचे पाणी वळवले, त्याचे म्हणणे ऐकून घेणारा तर सर्वांआधी हवा. भूगोलाच्या पुस्तकातील नकाशात सीमा जाड रेषांनी आणि नद्या बारीक रेषांनी काढलेल्या असतात. पुढच्या तासाला तो नकाशा उघडाल, तेव्हा काठमांडूपासून ढाक्यापर्यंत बोट फिरवून पाहा; मध्ये कोणकोणत्या नद्या लागतात त्यांची नावे लिहून काढा, आणि त्यांतील एखादी तरी एकाच देशात उगम पावून त्याच देशात समुद्राला मिळते का, ते शोधा.